पॅरॉक्सेटिन ते व्होर्टिऑक्सेटिन : 16 महिन्यांची खतावणी

मानवतला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "शेठ, या औषधानं फरक पडंल ना?" आणि मी ठोकून सांगतो, पडंल. मागच्या वर्षी फेब्रुवारीत परभणीच्या मानसोपचार डॉक्टरांना हाच प्रश्न मी विचारला, तर ते म्हणाले, "बघू." तेव्हा रागच आला होता. नैराश्यावरची एक गोळी नऊ महिने आणि दुसरी सात महिने खाल्ल्यावर आता त्या 'बघू'चा राग येत नाही.

आजाराबद्दल थोडक्यात. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. शटर वर करायला हात उचलायचा नाही. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. कारण काय म्हणून सगळ्यांनी विचारलं, मला आजही एक कारण सांगता येत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मनात वाईट विचार येतात का, हे सरळ विचारलं. मीही सरळ हो म्हणालो. धंदा काय करतो ते ऐकल्यावर त्यांनी धाकट्या भावाला आत बोलावलं आणि त्या दिवसापासून तीन महिने गोडाऊनची किल्ली भावाकडे राहिली. मला अपमान वाटला होता. ते बरोबरच होतं.

पहिली गोळी पॅरॉक्सेटिन सीआर. सुरुवातीला 12.5 मिलिग्रॅम, मग 25. पहिले पंधरा दिवस मळमळ आणि जांभया, बाकी शून्य. चौथ्या आठवड्यात एक दिवस जाग आली तर सहा वाजलेले. त्या दिवशी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. पुढं या गोळीला मी नावं ठेवणार आहे, पण तिनं मला खड्ड्यातून वर काढलं हे आधी लिहून ठेवतो.

आता तक्रारी. घाम. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा 43-44 ला जातो, तिथं घामाचं काय कौतुक, असं मीच म्हणायचो. पण हा घाम वेगळा होता. पावती लिहिताना कार्बन पेपर हाताला चिकटून यायचा. वजन 71 वरून 79. आणि नवरा-बायकोतली गोष्ट. इच्छाही नाही आणि जमतही नाही. डॉक्टरांना हे सांगायला मला चार महिने लागले. प्रत्येक वेळी सोबत मेव्हणा असायचा, त्याच्यासमोर काय बोलणार? शेवटी त्याला चहाला पाठवलं आणि बोललो. डॉक्टरांना काहीच नवल वाटलं नाही. या जातीच्या गोळ्यांत हा त्रास सर्रास होतो आणि पॅरॉक्सेटिनमध्ये जरा जास्तच, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर चार महिने मी स्वतःलाच खात बसलो नसतो. एवढा एक राग अजून आहे.

पण गोळी बदलायला लागली ती यातल्या कशामुळंच नाही. ती बदलली उधारीमुळं.

आमच्या धंद्यात खरिपाचं बी-खत निम्मं उधारीवर जातं आणि दसरा-दिवाळीला, सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की वसुली होते. वसुली म्हणजे फोन, पुन्हा फोन, मग मोटरसायकल काढून वस्तीवर जाणं, चहा पिणं, पाऊसपाण्याचं बोलणं, आणि उठता उठता विषय काढणं. वीस वर्षं हे करतोय. दरवर्षी दिवाळीनंतर खतावणीत लाख-दीड लाख बाकी राहते. त्या दिवाळीला भावानं हिशेब मांडला तर 4 लाख 60 हजार.

"दादा, कुणाला फोनच केला नाहीस का तू?"

"देतील की," म्हणालो.

खरंच, आतून काहीच हललं नाही. बुडाले तर बुडाले. मला वाटायचं मी शांत झालोय. गिऱ्हाइकंही खूश होती. एकानं तर विचारलं, "शेठनं माळ घातली काय?" बायको मात्र गप्प होती. त्या रात्री ती म्हणाली, "अहो, पोरीला दहावीत 91 टक्के पडले तेव्हा तुम्ही 'बरं झालं' म्हणून पोती मोजायला गेलात. तिनं मला विचारलं, पप्पांना आवडलं नाही का?" मला ते पोती मोजणं आठवत होतं. युरियाची चाळीस होती. तिचा चेहरा आठवत नव्हता.

दुःख गेलं होतं, पण सोबत सगळंच गेलं होतं. हे माझं मला कळलं नाही, खतावणीनं आणि बायकोनं दाखवलं. तुम्ही गोळी घेत असाल तर डॉक्टरांकडे जाताना घरचं एक माणूस बोलायला न्या, नुसतं सोबतीला नको.

आता माझा मूर्खपणा. डॉक्टरांची तारीख आठ दिवसांवर होती, पण मी तावातावात गोळी आधी अर्धी केली, तीही अडकित्त्यानं. सीआर गोळी तोडायची नसते. औषध हळूहळू सुटावं म्हणून ती तशी बनवलेली असते, तोडली की ते गणितच मोडतं. तीन दिवसांनी ती अर्धीही बंद केली. रासायनिक औषधं विकणारा माणूस मी, लेबल वाचा म्हणून दुसऱ्यांना ओरडतो.

बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी डोक्यात करंट बसायला लागले. दुसरा शब्द नाही. मान नाही, नुसते डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले तरी कवटीच्या आत झर्र. सोबत चक्कर आणि चिडचिड. पाथरी रस्त्यावरच्या वळणाला आरशात बघायला डोळे फिरवले आणि मोटरसायकल कडेच्या मुरुमात गेली. पडलो नाही, नशीब. पॅरॉक्सेटिन साधारण एका दिवसात रक्तात निम्म्यावर येतं, त्यामुळं एकदम सोडलं की शरीराला असा हिसका बसतो, हे नंतर कळलं. त्या रात्री दीड वाजता 14416 लावला, सरकारची टेली-मानस सेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी सकाळी पहिलं काम डॉक्टरांना फोन करायचं करा आणि तोवर गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं.

डॉक्टरांनी रागावून झाल्यावर गोळी पुन्हा सुरू केली. मग रीतसर उतरवली. दोन आठवडे 12.5, मग तिच्यासोबत व्होर्टिऑक्सेटिन 5, आणखी दोन आठवड्यांनी पॅरॉक्सेटिन पूर्ण बंद, आणि नंतर नवीन गोळी 10 वर. हे माझं वेळापत्रक आहे, तुमचं वेगळं असेल, नक्कल करू नका. पाचनंच सुरुवात का, तर पॅरॉक्सेटिन यकृतातलं एक एन्झाइम अडवून धरतं आणि नवीन गोळीचा निचरा मुख्यतः त्याच एन्झाइमकडून होतो. दोन्ही सोबत असताना नवीन गोळी रक्तात जास्त साठते. हे मला लगेच पटलं. दोन कीटकनाशकं एका पंपात घ्यायची तर आधी बाटलीत थोडं मिसळून बघा, साका धरला तर फवारू नका, हे मी रोजच सांगतो. त्याच महिन्यात पोती उचलून कंबर धरली आणि एका मेडिकलवाल्यानं काही न विचारता ट्रामाडॉल हे वेदनाशामक असलेली गोळी पुढं केली. या गोळ्यांसोबत ट्रामाडॉल धोक्याचं ठरू शकतं. मी डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचलो.

पहिली गोळी फसली म्हणून मी खचलो होतो तेव्हा डॉक्टरांनी नैराश्याच्या उपचारांवर अमेरिकेत झालेल्या स्टार-डी अभ्यासाचं सांगितलं. सुमारे 4,000 रुग्ण होते आणि पहिल्या गोळीवर पूर्ण बरे झाले ते साधारण एक तृतीयांश. मी म्हणालो, "डॉक्टर, सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला 70 टक्के उगवण लागते, 33 टक्क्यांचं बियाणं मी दारात उभं करणार नाही." ते हसले. "दुबार पेरणी करता का नाही?" म्हणाले.

तर नवीन गोळी. बदलाचे ते पाच-सहा आठवडे वाईट गेले, मधे चार-पाच दिवस पहाटे तीनची जाग परत आली आणि मी घाबरलो. मळमळ पहिल्या गोळीपेक्षा जास्त. रात्री जेवणानंतर घ्यायला लागल्यावर निभावलं, महिन्याभरात बरीच कमी झाली. अंगाला खाज सुटते, ती अजून आहे, उन्हाळ्यात जास्त. घाम कमी झाला. वजन 75 वर आलंय. घरातली ती गोष्ट पूर्वीसारखी नाही, पण आहे. खर्च मात्र पहिल्या गोळीच्या जवळपास तिप्पट, आणि गावात मिळत नाही, परभणीहून आणावी लागते. त्यामुळं घरात कायम पंधरा दिवसांचा साठा ठेवतो.

कधीपर्यंत घ्यायची? बरं वाटल्यावरही किमान सहा ते नऊ महिने, असं डॉक्टर म्हणतात. माझे ते महिने जानेवारीपासून मोजायचे ठरलंय.

जानेवारीतच रामपुरीकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकावर मी दुकानात ओरडलो होतो. 22 हजार, दोन वर्षांची बाकी, आणि गडी नवीन ट्रॅक्टर घेऊन समोरून गेला. हात थरथरत होते, कान गरम झाले होते. भाऊ काउंटरमागं उभा राहून हसत होता. संध्याकाळी त्यानं घरी फोन करून वहिनीला सांगितलं, "दादा आज भांडला."

आता मृगाची गर्दी चालू आहे. काल एक जण 3,400 रुपये बुडवून दुसऱ्या दुकानात माल घेताना दिसला. रात्री दोनपर्यंत झोप आली नाही. हे गोळीचं आहे का माझं आहे, ते पुढच्या तारखेला विचारायचंय.