दर मंगळवारचा तास आणि वर्गातले 'मेसेंजर': वर्षभर चालवल्यानंतरचा अनुभव

आयुष्मान भारतमधला शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाला आणि महिनाभरात शाळाच बंद पडल्या. आमच्या वर्गात तो पोचायला त्यामुळे बराच काळ गेला. रचना सोपी आहे. शाळेतले दोन शिक्षक, एक सर आणि एक बाई, 'हेल्थ अँड वेलनेस अँबेसिडर' होतात आणि प्रत्येक वर्गातली दोन मुलं त्यांना मदत करणारी 'मेसेंजर'. विषय ११ आहेत: भावनिक आरोग्य, नातेसंबंध, लिंगसमानता, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे. आठवड्याला एक तास, मंगळवारी. आमच्या शाळेतली ती बाई म्हणजे मी. शाळा बीड जिल्ह्यातली, अनुदानित. दिवाळी झाली की वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीसाठी कोयता घेऊन कारखान्यावर जातात.

तास चांगला आहे, पण ग्रेट नाही. गटात बोलायचं, छोटं नाटक करायचं, हे मुलांना आवडतं. निदान त्या वेळात कुणी गाइड उघडत नाही. गुटख्याला 'नको' म्हणायचं नाटक तर पोरं इतकं झकास करतात की बघत राहावं. तीच पोरं सुटीत टपरीमागे दिसतात हा भाग वेगळा. श्वासावर लक्ष ठेवण्याच्या व्यायामाकडून मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसच्या तासांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले: नेहमीच्या तासांपेक्षा वेगळा फायदा काही दिसला नाही. आमच्याकडे त्या दहा मिनिटांत मागच्या बाकावर छान झोपा होतात. तेही वाईट नाही.

खरी किंमत मेसेंजरची आहे आणि तीही ते कसे निवडता यावर ठरते. बहुतेक ठिकाणी मॉनिटर किंवा पहिल्या नंबरची मुलं नेमली जातात. मी चिठ्ठ्या मागवल्या: 'घरातलं काही सांगायचं झालं तर वर्गात कुणाला सांगशील?' नाव लिहायचं, सही नाही. सर्वांत जास्त चिठ्ठ्या निघाल्या त्या एका गणितात जेमतेम पास होणाऱ्या मुलाच्या आणि एका अबोल मुलीच्या नावाच्या. स्टाफरूममध्ये यावर थोडं हसू झालं. मुलांनी मात्र माणसं बरोबर ओळखली होती.

हंगाम सुरू झाल्यावर त्या दोघांचं काम दिसलं. आईबाप टोळीबरोबर गेले की मूल एक तर आजीकडे राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पहिले पंधरा-वीस दिवस ते डबा उघडत नाही, उगाच भांडतं, वही आणत नाही. शिक्षकाला दिसते ती फक्त न आणलेली वही. मेसेंजर मुलीने आपणहून दोन गोष्टी लावून घेतल्या. मधल्या सुटीत अशा मुलांबरोबर बसून जेवायचं. आणि कुणाचा आईशी फोन झालेला नाही ते मला येऊन सांगायचं. मग शाळेच्या फोनवरून मुकादमाला फोन लावून बोलणं करून द्यायचो. वसंतात काही मुलं फडावरून परत येतात, त्यांना वर्गात 'पाहुणे आले' म्हणून चिडवतात. ते बंद करायला मेसेंजर मुलाचा दोस्तांवरचा दरारा पुरला, भाषणाची गरजच पडली नाही. यातलं काहीच ११ विषयांत सापडणार नाही.

मुलं चिठ्ठ्या टाकतात त्या प्रश्नपेटीबद्दल एक सूचना. चावी एकाच माणसाकडे ठेवा आणि पेटी ऑफिससमोर नको, पाण्याच्या टाकीजवळ लावा. चिठ्ठ्या बहुतेक साध्याच असतात: पाळी, पिंपल, 'सरांना सांगा फळा लवकर पुसू नका'. पण अधूनमधून अशी येते की हात थांबतो. मेसेंजरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मैत्रीत गुपित ठेवायचं, पण कुणी स्वतःला इजा करायचं बोलत असेल किंवा मोठं माणूस अंगाला हात लावत असेल तर ते गुपित नाही, लगेच बाईंना सांगायचं. यातली लैंगिक अत्याचाराची माहिती पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून मुलांच्या संरक्षणाच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना द्यावीच लागते. न देण्याची शिक्षा मुलांना लागू होत नाही, शिक्षकाला होते. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन नंबर वर्गात भिंतीवर लिहून ठेवलेत. १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे.

आता मुख्य तक्रार, आणि ती रचनेबद्दलच आहे. मंगळवारी मी 'मोकळं बोला' म्हणते आणि गुरुवारी त्याच मुलांचे अंतर्गत गुण भरते. मूल मला का सांगेल? गोव्याच्या 'संगथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला होता. काही शाळांत कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, काहींत खास प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी, काहींत हे दोन्ही नव्हतं. जिथे समुपदेशक होते तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरक पडला नाही. हे वाचून वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं. आम्हाला पोषण आहार, जनगणना, निवडणूक, सगळंच असतं. पण वेळ मिळाला तरी गुणांचं रजिस्टर आमच्याच हातात राहणार. चार-पाच शाळांमागे फिरता समुपदेशक दिला तर मेसेंजरना पाठीशी कुणीतरी खरं माणूस मिळेल. सध्या ते ओझं चौदा वर्षांच्या मुलांवर पडतं. आमच्या मेसेंजर मुलीला मध्येच दोन आठवडे सुटी दिली, कारण ती दुसऱ्यांचं ऐकून स्वतः रात्री जागायला लागली होती.

हा कार्यक्रम घ्यावा का? शाळेत निदान एक शिक्षक स्वतःच्या मर्जीने तयार असेल तर जरूर घ्या. नुसतं नाव देऊन नेमलेला असेल तर फोटो आणि अहवालापलीकडे काही मिळणार नाही. पुढच्या जूनला मी प्रत्येक वर्गात दोनऐवजी चार मेसेंजर घेणार आहे, म्हणजे पाळीपाळीने सुटी देता येईल. आणि निवडताना एक तरी मूल हंगामात गावातच राहणारं असेल हे बघणार आहे. दहावीच्या मुलांना यात ओढणार नाही, दिवाळीनंतर त्यांना बोर्डाशिवाय काही सुचत नाही. आठवी-नववी पुरे.