परदेशातून दत्तक घेताना मिळणारी रजा: ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळाचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात रजेचे अर्ज तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे लेस्टरला असलेल्या मुलाने-सुनेने भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा सून म्हणाली, "आई, रजेचं तेवढं तुम्ही एकदा वाचा." तिने गव्ह डॉट यूकेवरची दत्तक रजेची पानं पाठवली.

माहिती फार चांगली लिहिली आहे. छोटी वाक्यं, कलमांचा गुंता नाही. रजा ५२ आठवडे, त्यातले ३९ पगारी. पहिले सहा आठवडे सरासरी साप्ताहिक पगाराच्या ९० टक्के, पुढे ठरावीक रक्कम किंवा ९० टक्के, यातलं जे कमी असेल ते. ही रजा दोघांपैकी एकालाच मिळते. दुसऱ्याला पितृत्व रजा, एक किंवा दोन आठवडे. हे मला कमी वाटलं. घरात नव्याने आलेल्या लेकराला बापाचीही सवय व्हायला हवी.

आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं हवं, ही अट घालून. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २०२६ मध्ये काढली, तोवर ती रजा नावालाच होती. जन्मदात्या आईबापांनी मूल दत्तकासाठी स्वाधीन केलं, तर फेरविचाराला दोन महिने द्यावे लागतात. पुढची कागदपत्रं होईपर्यंत तीन महिने उलटूनच जायचे. मग ती रजा घेणार कोण होतं? परदेशातून येणाऱ्या मुलाचं तर विचारायलाच नको होतं. ब्रिटनच्या पानांवर अशी अट दिसली नाही आणि मला बरं वाटलं.

माझी खरी तक्रार परदेशी दत्तकाच्या भागाबद्दल आहे. तिथे रजा सुरू होते ती मूल ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर किंवा त्यानंतरच्या २८ दिवसांत. पण भारतात 'कारा'चं (दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचं) ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग पासपोर्ट, मग तिकडचा प्रवेश परवाना, अशी वाट आहे. बाळ हातात आल्यावरही आईबापांना इथेच थांबावं लागू शकतं. आमच्या राजारामपुरीच्या घरी मी खोली तयार ठेवली आहे, अंबाबाईच्या पायांवर लेकराला घालायचं आहे. पण ते सगळे दिवस सुनेच्या वार्षिक रजेतून जाणार, नाहीतर बिनपगारी. ज्या दिवसांत बाळाला आईची सगळ्यात जास्त गरज, तेच दिवस रजेत धरलेले नाहीत. मूल ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून रजा घ्यायची मुभा हवी. हा बदल त्या सरकारने करावा, असं मला मनापासून वाटतं.

सूचना देण्याच्या मुदती मात्र नीट समजावल्या आहेत. ब्रिटन सरकारची अधिकृत सूचना, म्हणजे परदेशातून दत्तक घ्यायची परवानगी, मिळाल्यापासून २८ दिवसांत मालकाला ती तारीख आणि मूल येण्याची अंदाजे तारीख कळवायची. मूल पोहोचल्यावर पुन्हा २८ दिवसांत नेमकी तारीख द्यायची. जोडीदारासोबत दत्तक घेत असाल तर एससी६ हा फॉर्म भरायचा. आपण पितृत्व रजा घेत नसल्याचं त्यात लिहून द्यायचं असतं. हा फॉर्म वेगळ्या पानावर आहे, तो सुरुवातीलाच दिसायला हवा होता.

पाचपैकी चार तारे. पगारासाठी मूल ब्रिटनमध्ये पोहोचल्याच्या तारखेचा पुरावा मागतात, विमानाचं तिकीट चालतं. ते कागदावर छापून फाइलला लावा, नुसतं मोबाइलमध्ये ठेवू नका.