वरूडचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान : आधी जुना ट्रायल काढते, मगच नवा अँटिव्हायरस टाकते

ज्यांचं सेवा केंद्र आहे किंवा ज्यांनी पोरांच्या शिक्षणासाठी नवीन लॅपटॉप घेतला त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून राहिलो. वरूडला बसस्टँडच्या जवळ एक छोटं दुकान आहे, एकच गाळा, एक भाऊ आणि हाताखाली एक पोट्टा. माझ्या केंद्राच्या लॅपटॉपवर विकतचा अँटिव्हायरस तिथून टाकून घेतला आणि त्यांनी ज्या पद्धतीनं काम केलं ते पाहून वाटलं का हे चार लोकांना सांगाच लागते.

नवीन लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा कंपनीच एखाद्या अँटिव्हायरसचा ट्रायल, म्हणजे थोड्या दिवसांपुरता फुकट चालणारा, भरून देते. तो संपला का मग दर थोड्या वेळानं स्क्रीनवर रिन्यू करा, रिन्यू करा म्हणून येऊन राहते, आणि केंद्रावर हे नेमकं पीएम किसानच्या ई-केवायसीच्या मधात येते, समोर शेतकरी कापसाची वेचणी सोडून आलेला, मशीनवर अंगठा ठेवून बसलेला, आणि फॉर्म त्या खिडकीच्या मागं दडलेला. शहरातल्या ज्या शोरूमातून लॅपटॉप घेतला तिथं फोन करून विचारलं तं म्हणे नव्या अँटिव्हायरसचा डबा घेऊन या, जुन्याच्या वरूनच टाकून देऊ, काही होत नाही. मला हे पटलं नाही म्हणून वरूडला गेलो.

वरूडच्या भाऊनं डबा हातात घेतला आणि बाजूला ठेवून दिला. म्हणे, "दादा, आधी यात काय भरून आहे ते पाहू द्या, तो निंगल्याशिवाय डब्यातला अॅक्टिव्हेशनचा नंबर खरवडू नका." काहून तं अॅक्टिव्हेशन झालं का वर्ष त्याच दिवसापासून मोजलं जाते आणि एका पीसीचा नंबर एकाच पीसीवर लागते, म्हणून अर्धवट इन्स्टॉल होऊन मधात अडकलं तं नंबर वापरला गेलेला राहते आणि मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करत बसा. आपल्या इकडं दुकानात जास्त करून पुण्याच्या क्विक हीलचेच डबे दिसतात, माझाही तोच होता, पण भाऊ म्हणे डबा कोणताही असो, काम याच क्रमानं करा लागते.

दोन अँटिव्हायरस एकत्र काहून चालत नाहीत हे त्यानं चांगलं समजावून सांगितलं. कोणतीही फाईल उघडली का अँटिव्हायरस ती मधातच थांबवून तपासते, दोन असले तं तीच फाईल दोघंही तपासतात, एक दुसऱ्याच्या फाईलीलाच व्हायरस समजू शकते, डिस्क पूर्ण वेळ फिरत राहते आणि लॅपटॉप रांगते. आमच्या भागातल्या एका केंद्रवाल्यानं असेच दोन ठेवले होते, त्याचा सातबारा उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येत होता, त्याला वाटे का नेटच स्लो आहे.

आता काढायची पद्धत. सेटिंग्जमध्ये अॅप्सच्या यादीत जाऊन त्यानं ट्रायल अनइन्स्टॉल केला, पण तिथं न थांबता पूर्ण यादी खालपर्यंत पाहिली, कारण त्याच कंपनीचा ब्राउझरसाठीचा तुकडा बरेचदा वेगळ्या नावानं बसून असते आणि लोक तो तसाच ठेवतात. मग रिस्टार्ट. इथं त्यानं पोट्ट्याला टोकलं तेही मला आवडलं, पोट्टा शटडाऊन करून राहिला होता. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं तं शटडाऊन केल्यावर सिस्टिमचा काही भाग जशाचा तसा डिस्कवर जपून ठेवला जाते, रिस्टार्टलाच सगळं नव्यानं सुरू होते, म्हणून अडकलेल्या फाईली रिस्टार्टनंच निंगतात. त्यानंतर त्यानं ज्या कंपनीचा ट्रायल होता तिचं स्वतःचं सफाईचं टूल चालवलं. मॅकॅफीचं एमसीपीआर म्हणून आहे, नॉर्टनचंही वेगळं आहे, फुकट मिळतात, फक्त कंपनीच्याच साईटवरून घ्या, दुसरीकडून नाही. मग अजून एकदा रिस्टार्ट.

मी विचारलं का या मधल्या वेळात लॅपटॉप उघडा तं नाही पडत, लोकांचे आधार नंबर असतात यात. त्यानं विंडोज सिक्युरिटी उघडून दाखवलं, ट्रायल गेल्याबरोबर विंडोजमध्येच असलेला मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू झाला होता, आणि नवा बसला का तो आपोआप मागं सरकते. आणि माझ्या एकाही फाईलीला हात लागला नाही, अँटिव्हायरस काढल्यानं आपले फोटो, पीडीएफ, एक्सेल जात नाही, ही भीती घेऊन लोक वर्ष वर्ष तो संपलेला ट्रायल ठेवतात म्हणून सांगून राहिलो.

सेटअप त्याच्याकडं पेनड्राईव्हमध्ये होता, हा मोठा फायदा. आजकालच्या लॅपटॉपला सीडी ड्राईव्हच नसते आणि आपल्या गावात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एवढं डाऊनलोड करा लागलं तं दिवसाचा डेटा त्यातच जाते.

ज्याच्यासाठी मी पूर्ण पाच स्टार देतो ते याच्या पुढचं आहे. सगळं बसल्यावर भाऊ म्हणे अंगठ्याचं मशीन आणलं का, लावा. आधारच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपच्या आतल्याच ११,१०० ते ११,१२० या पोर्टवर (आतल्या आत बोलायचे नंबर दिलेले रस्ते) बोलते, नव्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलनं, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या भागानं, ते अडवलं तं केंद्रावर गेल्यावर डिव्हाईस सापडत नाही म्हणून येते आणि माणूस मशीनलाच दोष देते. त्यानं फायरवॉलमध्ये आरडी सर्व्हिसला परवानगी दिली, माझा अंगठा घेऊन पाहिला, मगच लॅपटॉप माझ्या हातात दिला. शहरातल्या दुकानात हे कोणी विचारत नाही कारण त्यांच्याकडं सेवा केंद्रवाले फार येत नसन.

ऑफिसचंही त्यानं एक सांगितलं. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट ३६५ चा ट्रायल आहे म्हणून डोळे मिटून उडवू नका, काही लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस विकत आलेलं असते आणि ते तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या ईमेलला जोडायचं राहते, ते आधी पाहा. नसलंच आणि वेगळं विकत घेतलं असन तं ट्रायल पूर्ण काढून मग टाका, ३२ बिट आणि ६४ बिट ऑफिस एकमेकांसोबत बसत नाही.

कमी काय तं बसायला जागा नाही, उन्हाळ्यात गाळा तापते, आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, ते मागून घ्याच, वॉरंटीसाठी आणि रिन्यूच्या वेळी कामी येते. काढायचे आणि टाकायचे मिळून दोनशे रुपये घेतले, डब्याची किंमत वेगळी. घाईत असान तं जाऊ नका, मधात लाईन गेली का तो काम सुरूच करत नाही, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असली तरच अनइन्स्टॉलला हात लावते, आणि ते बरोबरच आहे.

रविवारी बंद राहते. जाताना चार्जर, न खरवडलेला डबा, अंगठ्याचं मशीन आणि ज्या नंबरवर ओटीपी येते तो मोबाईल सोबत न्या.