लॅपटॉप सात महिने वापरला, लॅन पोर्ट नसल्याचा राग अजून आहे

स्क्रीन, बॅटरी, वजन यावर सगळ्यांनी लिहिलंय, मी फक्त लॅन पोर्टचं, म्हणजे इंटरनेटची वायर लावायच्या खाचेचं बोलणार, कारण ते या मशीनला नाहीच. घेताना विचारलं तर दुकानदार म्हणाला, आता वायर कोण लावतं साहेब, आणि मी गप्प बसलो.

गेल्या महिन्यात 18 तारखेला रात्री विंडोजचं अपडेट झालं आणि सकाळी वायफायचं चिन्हच गायब. माझं काम जीएसटी रिटर्नचं, 20 ला 3बीची, म्हणजे दर महिन्याच्या रिटर्नची शेवटची तारीख, अकरा क्लायंट बाकी. राऊटर टेबलाखाली, लॅनची केबल हातात, पण लावू कुठे? इतका संताप झाला की तेव्हाच दोन स्टार देऊन टाकले होते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर पिवळा त्रिकोण, कोड 10, म्हणजे कार्ड सुरूच होत नाही. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या रोल बॅक ड्रायव्हरवर क्लिकच होईना, म्हणजे परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लकच नाही. मग नेटवर्क रिसेट केलं, ते घाईघाईत करू नका, सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड गेले आणि कार्ड जसंच्या तसं. सर्व्हिस सेंटरवाल्याने लॅपटॉप न बघताच फोनवर सांगितलं, कार्ड गेलं, 3200 रुपये, चार दिवस लागतील. चार दिवस!

शेवटी भाच्याने सांगितलं, मामा, फोन चार्जिंगच्या केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर, फोनचं नेट केबलने लॅपटॉपला मिळेल. जोडलं आणि लगेच नेट आलं. अँड्रॉइड फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा अजिबात जात नाही, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. अकराही रिटर्न वेळेत गेली.

मग कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घेतला, तरी कोड 10. शेवटचा उपाय म्हणून लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, पॉवर बटण चाळीसेक सेकंद दाबून धरलं, परत चालू केला तर वायफाय हजर! नुसतं शटडाउन केलं तरी आत थोडा करंट राहतो आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर सिस्टीमही पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे अडकलेलं कार्ड अडकलेलंच राहतं. नंतर कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला कार्ड बंद करायची परवानगी देणारी टिकही काढली. तेव्हापासून एकदाही तुटलं नाही.

3200 वाचले, त्यातले 650 घालून यूएसबीचा लॅन अडॅप्टर आणला, तो आता बॅगेतच असतो. दोनाचे चार स्टार केलेत. पाचवा लॅन पोर्टचा, तो देणार नाही.