आठ महिने अणुतेल, काढा आणि एक वही: माझं ‘सायनस’ अर्धशिशी निघालं

साताऱ्यात एका पतसंस्थेत मी कॅशला बसते. वय ४३. गेली सहा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात रबरबँडच्या डबीशेजारी डोकेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप असायची, आणि कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: मला सायनस आहे. हे निदान कुठल्या डॉक्टरांनी केलेलं नव्हतं. भुवईच्या वर आणि डोळ्याच्या मागे दुखायचं, नाक चोंदल्यासारखं व्हायचं, हवा बदलली की वाढायचं. मग सायनसच की! शेजारच्या काकू, मेडिकलवाला आणि मी, तिघांचं यावर एकमत होतं.

जुलैपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मी अणुतेलाचं नस्य (नाकात थेंब सोडणं), पथ्यादि काढा, सुंठीचा लेप, वाफ आणि जलनेती (मिठाच्या पाण्यानं नाक धुणं) हे सगळं करून पाहिलं. सोबत मेंदूविकार तज्ज्ञांनी दिलेली एक गोळीही होती. त्यामुळे नुसत्या आयुर्वेदावर बरी झालेली बाई शोधत असाल तर ती मी नव्हे, हे आधीच सांगते.

जूनमध्ये मी वैद्यबाईंकडे गेले ती ‘सायनसवर काहीतरी द्या’ म्हणायलाच. त्यांनी नाडी पाहिली आणि मग नाकाचीच चौकशी सुरू केली.

“नाकातून काय येतं?”

“कधी कधी पाणी.”

“घट्ट, पिवळं, हिरवट?”

“नाही.”

“ताप? वास जातो का?”

“वास उलट जास्तच येतो. कोणी उदबत्ती लावली तरी मळमळतं.”

“दुखायला लागलं की काय करता?”

“पडदे ओढून पडून राहते. घरात टीव्ही बंद करायला लावते.”

“किती वेळ?”

“दुपारी सुरू झालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “ताई, ही अर्धशिशी आहे. सर्दीचं औषध देऊन मी तुमचे पैसे कशाला घालवू?”

अर्धशिशी हा शब्द आजीच्या तोंडून कितीदा ऐकला होता. पण मला वाटायचं, अर्धशिशी म्हणजे अर्धंच डोकं दुखायला पाहिजे. माझं बहुतेक वेळा डावीकडे दुखायचं, पण कधी दोन्हीकडे, आणि नाक चोंदायचं ते वेगळंच. वैद्यबाई म्हणाल्या, सुश्रुतांनी शिरोरोगाचे अकरा प्रकार सांगितलेत. त्यात अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी, वेगळा आणि सूर्यावर्त वेगळा. सूर्यावर्त म्हणजे सूर्य चढेल तसं भुवईपाशी वाढत जाणारं आणि दिवस कलला की उतरणारं दुखणं. नाकाचा प्रतिश्याय, म्हणजे सर्दी-पडसं, हे तर निराळंच प्रकरण. म्हणजे आपल्याकडे हे खाने कधीच पाडून ठेवलेले होते, मीच सगळं एका खान्यात कोंबत होते.

नाकाचं कोडं मेंदूविकार तज्ज्ञांनी सोडवलं. (वैद्यबाईंनीच पाठवलं, ‘एकदा तपासून या, मग माझं औषध’ म्हणून. असे वैद्य भेटायला नशीब लागतं.) चेहऱ्याची संवेदना नेणारी जी नस आहे, ट्रायजेमिनल, तीच अर्धशिशीत चेतवली जाते. त्यामुळे डोळ्यांतून पाणी येतं, नाक चोंदतं, गालावर दाब जाणवतो, आणि आपण बोट नाकाकडे दाखवतो. २००४ साली अमेरिकेत ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ म्हणणाऱ्या जवळजवळ तीन हजार लोकांना तपासलं, तर त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्याच, जातीचं निघालं. हे ऐकून जरा बरं वाटलं, शहाणी माणसंही फसतात तर!

त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. दुखताना मळमळतं का, उजेड सोसत नाही का, आणि गेल्या तीन महिन्यांत एखादा तरी दिवस कामाचा खाडा पडला का? तीनपैकी दोन हो असतील तर मायग्रेनचा दाट संशय घ्यावा, असा ठोकताळा आहे. माझी तीनही उत्तरं हो होती. वाकल्यावर ठणका वाढतो म्हणून मी सायनसवर बोट ठेवत होते, पण वाकल्यावर दोन्हींत वाढतं. त्या खुणेवर विसंबू नका.

आणि मग गोळ्यांचा हिशेब निघाला. महिन्यातून चौदा-पंधरा दिवस मी ती कॅफिनवाली मिश्र गोळी घेत होते. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली की गोळीच डोकेदुखी जगवते. साध्या वेदनाशामकाला ही हद्द पंधरा दिवसांची. रोज दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्या बाईनं स्वतःच्या गोळ्या कधी मोजल्या नव्हत्या.

ऑगस्टमध्ये त्या गोळ्या बंद केल्या. पहिले दोन आठवडे काय गेले, ते माझं मला माहीत. रोज दुखायचं. काढा त्याच आठवड्यात सुरू केला होता आणि मला खात्री वाटली की हा काढा म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. तुम्ही असं काही सुरू करणार असाल तर हा काळ हिशेबात धरू नका आणि गोळ्या सोडताना डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या एकदम सोडायच्या नसतात.

आता एकेका वस्तूबद्दल.

अणुतेल. तिळाच्या तेलात आणि शेळीच्या दुधात बऱ्याच वनस्पती घालून सिद्ध केलेलं तेल. बाटली कोमट पाण्यात दोन मिनिटं उभी करायची, उताणं पडून मान जरा मागे टाकायची, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. घशात उतरलेलं थुंकून टाकायचं, गिळायचं नाही, जोरात ओढायचं तर मुळीच नाही. नुकती सर्दी झालेली असताना, डोक्यावरून न्हाल्यावर आणि पोटभर जेवल्यावर करायचं नाही, ही वैद्यबाईंची ताकीद. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वेगळी धास्ती घातली: नाकातलं तेल महिनोन्‌महिने फुप्फुसात झिरपत राहिलं तर तिथे न्यूमोनियासारखा त्रास होऊ शकतो. म्हणून दोनाचे चार थेंब मी कधी केले नाहीत आणि आता आठवड्यातून तीनच दिवस घेते.

फायदा? नाकाला नक्की. साताऱ्याच्या हिवाळ्यात माझ्या नाकात खपल्या धरायच्या, त्या थांबल्या. सकाळच्या सटासट शिंका कमी झाल्या. डोकं धरलेलं असताना मात्र अणुतेलानं एकदाही उतरलेलं नाही. पहिले चार दिवस घशात जळजळ आणि तोंडाला दिवसभर तेलाची चव, ती वेगळी.

पथ्यादि काढा. शार्ङ्गधरांच्या जुन्या आयुर्वेद ग्रंथातली कृती: हरडा, बेहडा, आवळा, किराईत, हळद, कडुनिंब, गुळवेल, आणि वरून गूळ. भरड दोन चमचे, पाणी दोन कप, उकळून अर्धा कप. चव अशी की गूळ घातलाय हे फक्त वाचून कळतं. सासूबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, “अगं, यापेक्षा डोकं दुखलेलं परवडलं.”

पहिल्या आठवड्यात फरक पडला तो पोटात. माझं बद्धकोष्ठ जुनं, ते सुटलं, आणि पोट साफ असलेल्या दिवशी डोकं जरा हलकं असायचं हे खरं. पण ऑक्टोबरअखेर वैद्यबाईंनी काढा थांबवायला सांगितला आणि नोव्हेंबरमध्ये माझी डोकेदुखी वाढली नाही, उलट घटली. म्हणून काढ्याला मी पोटाचे गुण देते, डोक्याचे राखून ठेवते. एक गोष्ट मुद्दाम सांगते: २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. वाद त्यांचा, यकृत माझं. मी तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी करून घेतली, सगळं ठीक आलं.

वाफ आणि जलनेती. यांचं मोल मला डिसेंबरमध्ये कळलं, जेव्हा खरंखुरं सायनस झालं. आधी साधी सर्दी, पाचव्या-सहाव्या दिवशी ओसरल्यासारखी वाटली आणि पुन्हा उसळली. अंगात कणकण. नाकातून घट्ट, पिवळं. गालाच्या हाडात सतत जड, आणि वरच्या दाढा अशा ठणकायला लागल्या की मी दातांच्या डॉक्टरांची वेळ घेणार होते. सकाळी आमटीला हिंगाची फोडणी घातली, आणि वास नाही! कढई नाकाशी नेली तरी नाही. तेव्हा लख्ख कळलं की सहा वर्षं मी ज्याला सायनस म्हणत होते ते हे नव्हतंच. हे दुखणं बोथट होतं, ठणठण नव्हती. उजेडाचं काही वाटत नव्हतं, दिवा लावून मी मटार सोलत बसले होते. अर्धशिशीत मटार काय, डोळे उघडणं नको असतं.

या खेपेला डॉक्टरांना विचारून नुसती वाफ घेतली, दिवसातून दोनदा, आणि जलनेती. दोन्हींनी मोकळं वाटलं. नेतीचं पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं थेट कधीही नको. नळाच्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन माणसं दगावलेली आहेत. अर्ध्या लिटरला साधारण सपाट अर्धा-पाऊण चमचा मीठ. नवव्या दिवशी वास परत आला. बहुतेक वेळा सायनस विषाणूचं असतं आणि आठवडा-दहा दिवसांत आपलं आपण ओसरतं, त्यामुळे वाफेला सगळं श्रेय द्यायला मी तयार नाही. पण त्या दिवसांत तिनं सुख दिलं. हीच वाफ ऑगस्टमध्ये अर्धशिशीत घेतली होती, तर पातेल्यावरून उठून थेट मोरीत उलटीला गेले होते.

सुंठीचा लेप कपाळावर लावला की आग होते आणि लक्ष तिकडे जातं, एवढंच. पोटातून सुंठ बरी वाटते, मळमळीला तरी. पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी, हा आजीचा उपाय मी दोनदा केला. डोक्याला काही झालं नाही, जिलबी चांगली होती.

शेजारच्या काकूंनी मागे सूतशेखर या आयुर्वेदिक औषधाच्या गोळ्या दिल्या होत्या, दोन महिने मी त्या चहाबरोबर घेतल्याही. वैद्यबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच चिडल्या. त्यात पारा-गंधकाची कज्जली (काळी पूड) असते, बचनाग हे विषारी मूळ असतं, धोतऱ्याचं बी असतं. शुद्ध करून, मात्रा पाहून, माणूस पाहून द्यायची वस्तू ती. “शेजारी काय वाण आहे का, वाटायला?” म्हणाल्या.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त कामाला आली ती मुलाची उरलेली दोनशे पानी वही. दुखलं तो दिवस, वेळ, काय खाल्लं, झोप, पाळी, ऊन. तीन महिन्यांनी वही चाळली तर संकष्टी दर महिन्याला लाल शाईत. चंद्रोदय रात्री नऊ-दहाला, दिवसभर नुसता चहा, आणि संध्याकाळी चारच्या आत डोकं धरलेलं. एरवीही कॅशची गर्दी असली की मी तीनला जेवायचे. दुसरी गंमत अशी की आदल्या दिवशी मला जांभया यायच्या, मान आखडायची आणि गोड खावंसं वाटायचं. मी म्हणायची, गोड खाल्लं म्हणून दुखलं. डॉक्टर म्हणाले, ती इच्छा हीच हल्ल्याची चाहूल असू शकते.

संकष्टी सोडली नाही. सासूबाईंनीच तोडगा काढला: दर तीन तासांनी काहीतरी फराळाचं खायचं, बाप्पा काही वजन करत नाही. एरवी एकच्या ठोक्याला डबा. मॅनेजरना सांगून दहा मिनिटं काउंटर बंद.

वहीतले आकडे असे: जुलैत १५ दिवस, ऑगस्टमध्ये १७, सप्टेंबर ९, ऑक्टोबरच्या उन्हातही ७, नोव्हेंबर ५, डिसेंबरात सायनसचे दिवस वगळून ४, जानेवारी ३, फेब्रुवारी ४. यातलं किती गोळ्या सोडल्यानं, किती वेळेवर जेवल्यानं आणि किती काढ्यानं, हे मला वेगळं काढता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर पहिल्या दोन गोष्टींचा वाटा फार मोठा. उरलेल्या हल्ल्यांना डॉक्टरांनी दिलेली सुमाट्रिप्टान ही अर्धशिशीची गोळी, दुखायला लागताच, आणि महिन्यात किती दिवस त्याची मर्यादा लिहून दिलेली. हृदयाचा त्रास असणाऱ्यांना ती चालत नाही, तेव्हा माझं पाहून घेऊ नका.

घरच्या उपायांत वेळ घालवू नये अशी दुखणीही असतात. क्षणात शिगेला पोचलेलं, आयुष्यात कधी झालं नाही असं दुखणं. तापाबरोबर मान ताठ होणं. तोंड किंवा हात-पाय लुळे पडणं, बोलताना अडखळणं. डोळ्याभोवती सूज किंवा दृष्टी अधू होणं. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी. तेव्हा काढा गॅसवरून उतरवा आणि दवाखाना गाठा.

परवा नणंदेचा फोन आला, “वहिनी, तुझं ते तेल पाठव, माझंही सायनस वाढलंय.” तेल अजून पाठवलं नाही. तिच्या नाकातून काय येतं आणि दुखताना दिवा चालतो का, एवढं लिहून ठेवायला सांगितलंय. मार्चअखेर तोंडावर आहे, त्यामुळे माझ्या खणात रबरबँडच्या डबीशेजारी सध्या राजगिऱ्याचे लाडू आहेत, आणि सहकारी ते मला न विचारता खातात.