पोस्टग्रेसचा आयडेंटिटी कॉलम: चांगला आहे, पण इम्पोर्टनंतर सांभाळून

बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या होलसेल दुकानाचं बिलिंग पोस्टग्रेस ह्या डेटाबेसवर आणलं तेव्हापासून हा कॉलम, म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीला आपोआप पुढचा आयडी नंबर देणारा कॉलम, रोजच्या वापरात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, मला फीचर मनापासून आवडलंय. २०१७ च्या व्हर्जन १० पासून मिळतं, ह्याच कामाच्या जुन्या सिरियल प्रकारापेक्षा सुटसुटीत, आणि दोन काउंटरवर एकाच वेळी बिलं फाडली तरी नंबरांची टक्कर होत नाही.

खरा त्रास जुना डेटा आणल्यावर. जुनी बिलं मूळ आयडीसकट सीएसव्ही फाईलमधून पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडने आत घेतली, सगळं व्यवस्थित दिसत होतं, आणि पहिलंच नवीन बिल सेव्ह करताना स्क्रीनवर डुप्लिकेट की, आयडी १ ऑलरेडी एक्झिस्ट्स. काउंटरवरचा मुलगा परत परत सेव्ह दाबतोय आणि एररमधला आकडा एकेकाने वाढतोय, २, ३, ४. तो वाढणारा आकडा बघा, सगळं कारण तिथेच आहे. कॉलमच्या मागे एक सीक्वेन्स (ओळीने नंबर देणारी सोय) असतो, टेबलात काय पडलंय ते तो बघतच नाही, आपला पुढचा नंबर देऊन मोकळा होतो, आणि इन्सर्ट (नवी नोंद टाकणं) फेल झाला तरी दिलेला नंबर परत घेत नाही. मायएसक्यूएल ह्या दुसऱ्या डेटाबेसचा ऑटो इन्क्रिमेंट इथे सोपा पडतो, मोठा आयडी हाताने टाकला की स्वतःच पुढे सरकतो. एक स्टार मी ह्याचसाठी कापलाय.

उपाय एका ओळीचा आहे. पीजी_गेट_सिरियल_सीक्वेन्सने सीक्वेन्सचं नाव काढायचं आणि सेटव्हॅलने त्याला टेबलातल्या मॅक्स आयडीवर नेऊन ठेवायचं, बास. दुकान बंद असताना करा, कारण मधेच कोणी बिल टाकलं तर काढलेला मॅक्स जुना होतो. आणि एरर घालवायला प्रायमरी की (एकच आयडी दोनदा येऊ न देणारा नियम) काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका, आयडेंटिटी कॉलम स्वतः युनिक असल्याची हमी देत नाही, एकाच नंबरची दोन बिलं झाली की उधारीचा हिशोब लावता लावता जीव जाईल.

टेबल बनवताना जनरेटेड बाय डिफॉल्ट (ह्यात हाताने टाकलेला आयडी चालतो) नको, जनरेटेड ऑलवेजच लिहा, मग ओव्हरायडिंग सिस्टीम व्हॅल्यू असं मुद्दाम लिहिल्याशिवाय इन्सर्टमध्ये आयडी हाताने टाकता येत नाही. कॉपी मात्र ह्यालाही जुमानत नाही, फाईलमधलाच आयडी घेते, म्हणून इम्पोर्ट झाला की सेटव्हॅल करायचाच.

अजून एक, फेल झालेल्या इन्सर्टचे नंबर वाया जातात म्हणजे मधे गॅप राहणारच, आणि जीएसटीच्या बिलाला सलग नंबर लागतो, तर तो वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.