नऊ गारगोट्यांची पेटी: घ्या, पण आतली पुडी आधी काढा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी असलेल्या एका दुकानात नऊ गारगोट्यांची लाकडी पेटी 850 रुपयांना मिळते. जरूर घ्यावी. स्फटिकांची चमक कुठेही मिळते. इथे प्रत्येक नमुन्याखाली मूळ काळ्या कातळाचा बोटभर तुकडा राखलाय, हे खरं मोल. एरवी तो छाटून टाकतात आणि दगड कसा पालटला याची साक्षच जाते.

पेटीतल्या स्टिल्बाइट या खनिजाचा नमुना भिंगाखाली धरून बघा. कडेला काळा बेसाल्ट, त्याला लागून कागदाएवढा पातळ हिरवा थर, मग दुधी कॅल्सेडनीचा (बारीक कणांच्या सिलिकेचा) पट्टा आणि आत गव्हाच्या पेंढीसारखे बांधलेले, मोतिया झळाळीचे स्फटिक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर खडकात मुरलेल्या गरम पाण्याने खडकातली काच (झटकन थिजलेला लाव्हा) आणि फेल्डस्पार हे खनिज विरघळवले. कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका पाण्यात उतरली. लोह-मॅग्नेशियम असलेल्या भागातून कडेचा हिरवा सेलॅडोनाइट झाला. झिओलाइट (स्टिल्बाइटसारखी, जाळीदार रचनेत पाणी धरणारी खनिजं) त्याच्यावर, मागाहून बसले. (जांभाही बेसाल्टच पालटून होतो, पण ते काम पावसाच्या पाण्याचं.)

कोणता झिओलाइट बसणार, हे बरंचसं पाण्याच्या तापमानावर ठरतं. आइसलंडच्या बेसाल्टमधल्या बोअरमध्ये ढोबळ क्रम असा मिळाला: चॅबाझाइट 70 अंशांखाली, स्कोलेसाइट आणि मेसोलाइट 70 ते 90, स्टिल्बाइट 90 ते 110, त्याहून गरम पाण्यात लॉमोंटाइट. पेटीतले नमुने याच क्रमाने लावले असते तर फार बरं झालं असतं. माहितीपत्रकात 'लाव्ह्यातून तयार झालेले स्फटिक' छापलंय, ते चूक आहे. लाव्ह्याने जागा दिली, स्फटिक पाण्याने घडवले. आणि ते पाणी म्हणजे तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडातलं आजचं पाणी, असंही समजू नये.

मोठा दोष सातव्या खणात आहे. तिथे लॉमोंटाइट आहे आणि पेटीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकलीय. लॉमोंटाइटच्या जाळीतलं काही पाणी कोरड्या हवेत साध्या तापमानालाही निघून जातं. स्फटिक आधी खडूसारखा पांढरा पडतो, मग बोट लावताच भुगा होतो. किनाऱ्याच्या दमट हवेत तो टिकतो, पण पुण्यात एसीच्या खोलीत नेला की संपला. पुडी काढा, नमुना झाकणाच्या डबीत ओलसर कापसाच्या बोळ्याशेजारी ठेवा. बोळा दगडाला टेकू देऊ नका.

चौथ्या खणातल्या दगडावर 'ॲपोफिलाइट' लिहिलंय, पण आहे तो कॅल्साइट. खालच्या बाजूचा कण खरवडून भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. ॲपोफिलाइटला येत नाहीत. हा प्रयोग खरवडलेल्या भुकटीवरच करावा. आम्लाने स्कोलेसाइटही खराब होतो, म्हणून धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ओकेनाइटचा कापसासारखा गोळा मात्र धुऊ नये, त्याला बोटही लावू नये. तंतू एकदा चिकटले की पुन्हा फुलत नाहीत.

लेबलवर ठिकाण म्हणून नुसतं 'महाराष्ट्र' आहे. खाण किंवा निदान तालुका कळल्याशिवाय नमुना अभ्यासाच्या कामाचा नाही. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारून पेन्सिलीने खणाच्या तळाशी लिहून घ्या.